रक्ताचं मूल, दत्तकाचं मूल



दशलक्षणात बस्तीतला स्वाध्याय संपल्यावर एका बाईंनी मला बाजूला घेतलं. "काकू, आमच्या सूनबाईला दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घ्या म्हणतायत डॉक्टर. उद्या दीर म्हणाले, हे पोर आपल्या रक्ताचं नाही, तर दुकानात वाटा मिळेल का त्याला?"

मी बी.कॉम., वकील नव्हे. पण हा प्रश्न आपल्या कोल्हापूरला नवीन नाही. १८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याचा दत्तक मानला नाही आणि राज्य खालसा केलं. कोल्हापूरची गादी मात्र दत्तकावरच टिकली. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव मांडीवर घेतला. तेच आपले शाहू महाराज! त्यांचं रक्त कुणाचं, हे आज कोण विचारतं?

आपल्यात तर मुलानं पिंड दिल्याशिवाय गती नाही, असं कधी नव्हतंच. आत्मा आपल्या कर्मानं तरतो. दत्तक हा आपल्याकडे व्यवहार, धर्मविधी नव्हे. म्हणून तर १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलनं एका जैन विधवेच्या खटल्यात मान्य केलं की, तिला नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेता येतो. पुढे १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात जैनही आले. त्यात विधवेला हक्क होता, पण नवरा असलेल्या बाईनं फक्त संमती द्यायची. स्वतःच्या नावानं दत्तक घ्यायला तिला २०१० उजाडलं!

टेस्ट ट्यूब बाळाचंही तसंच. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी ते करून दाखवलं. कायदा मात्र आला २०२१ साली, आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात बाईंच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. असं मूल त्या जोडप्याचंच जैविक मूल धरायचं, पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्याला. बीज देणारीचा त्याच्यावर हक्क नाही. तिचं वय २३ ते ३५ हवं, आणि आयुष्यात एकदाच देता येतं. उपचार घेणारी बाई पन्नाशीच्या आतली, पुरुष पंचावन्नच्या आतला. दोघांची लेखी संमती लागते. त्या कागदांची एक प्रत घरच्या कपाटात ठेवा, हे माझं आपलं हिशेबी डोकं.

दिरांचा प्रश्न मिटला. मला खरी काळजी वाटली ती दुसरीच. उपचारात कधी कधी जास्त भ्रूण तयार होतात. उरलेले जास्तीत जास्त दहा वर्षं गोठवून ठेवता येतात. मग ते नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर जोडप्याच्या संमतीनं संशोधनाला द्यायचे, असं कायदा म्हणतो. आपल्या मनाला हे कसं पटावं? मी त्या बाईंना एवढंच सांगितलं, "आधीच डॉक्टरांना विचारा, किती भ्रूण करणार? कमी करता येतील का?"

त्यांनी मान हलवली. परवा फोन आला, सूनबाई स्वतःच विचारून आली म्हणे.