वाटीत काय कमी पडतंय?

कुत्र्याला हृदयविकार आहे असं कळलं की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘आता याला खायला काय द्यायचं?’ बराच काळ याचं उत्तर ठरलेलं होतं: मीठ बंद. कारणही पटण्यासारखं. हृदय दमलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, फुप्फुसांत पाणी साठतं आणि कुत्रा रात्रभर धापा टाकतो. पण त्याच्या खाण्यात काही कमी तर पडत नाही ना, ही शंका फारशी कुणाला आली नव्हती. ती आली मांजरांमुळे.

१८२७मध्ये टिडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये बैल म्हणजे टॉरस, म्हणून हे टॉरिन. पुढे जवळपास दीडशे वर्षं त्याला कुणी फारसा भाव दिला नाही. १९८७मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की हृदय फुगून ढिलं पडलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन फारच कमी आहे. ही मांजरं उपाशी नव्हती, ‘परिपूर्ण आहार’ म्हणून विकलं जाणारं तयार अन्नच खात होती! टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि मांजरांमधला हा आजार दुर्मीळ झाला.

कुत्र्यांचं काय? मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांपासून कुत्रा स्वतःच टॉरिन बनवतो, त्यामुळे त्याला ते वेगळं द्यायची गरज नाही असं मानलं जाई. १९९०च्या दशकात अमेरिकन कॉकर स्पॅनिअल जातीने हा समज डळमळीत केला. हाच आजार असलेल्या या कुत्र्यांच्या रक्तातही टॉरिन कमी निघालं. टॉरिन आणि कार्निटिन दिल्यावर त्यांची हृदयं पुष्कळ सुधारली.

मग आली ‘ग्रेन-फ्री’ची फॅशन. गहू-तांदूळ नको, म्हणून पिशवीत वाटाणा, मसूर, बटाटा. जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सावधगिरीची सूचना काढली. एप्रिल २०१९पर्यंतच्या सुमारे पाच वर्षांत या आजाराच्या ५२४ तक्रारी तिच्याकडे आल्या होत्या, आणि त्यांतली बहुतेक खाद्यं ग्रेन-फ्री होती. (आपल्याकडच्या डाळभातवाल्यांनी लगेच दचकू नये, तक्रारी पिशवीतल्या खाद्याबद्दल होत्या.) गंमत म्हणजे यातल्या अनेक कुत्र्यांचं टॉरिन ठीकठाक होतं. तरीही खाद्य बदलल्यावर काहींची हृदयं सुधारली. २०२२च्या अखेरीस एफडीएने सांगितलं, की खाद्यामुळेच हे होतं असं सिद्ध करण्याइतकी माहिती हाती नाही.

मिठाचा नियम अजून आहे, पण सैल झालाय. आजार नुकता लागलेला असेल तर कडक पथ्य लावत नाहीत. नंतरच्या टप्प्यात जास्त भीती असते ती अंग झडण्याची, कारण हृदय निकामी होत असलेला कुत्रा खाणं सोडतो आणि त्याचे स्नायू विरत जातात. म्हणून डॉक्टर वजन आणि प्रथिनं सांभाळायला सांगतात, उगाच उपास घडू देत नाहीत. मीठ मात्र भलतीकडूनच पोटात जातं: गोळी लपवायला दिलेला चीजचा तुकडा, पाहुण्यांनी टाकलेली शेव.