सुई, कातर आणि गज

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. कारभाराच्या नकाशावर तो असा नवखा असला, तरी कयाधूच्या काठावरील नरसी हे त्यातील गाव मराठी मनाला सातशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. नामदेवांचा जन्म १२७० सालचा. तो नरसीचा की पंढरपूरचा, यावर विद्वानांचे वाद झाले आहेत. त्यांत आम्ही पडत नाही. नरसीने हा शिंपी आपला मानला, जवळच्या औंढा नागनाथाच्या देवळात त्याला विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले अशी परंपरा जपली, एवढे येथे पुरे. आमचा प्रश्न निराळा आहे. शिंप्याचा हा मुलगा शिवत होता काय? आणि शिवत असेल, तर त्या शिवण्याविषयी त्याला काय वाटत होते?

प्रश्न क्षुल्लक नाही, कारण उपलब्ध साहित्यात या बाबतीत दोन नामदेव भेटतात. मराठी गाथेतील नामदेव धंदा सोडून बसलेला आहे. आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तोंडची जी पदे गाथेत आहेत, त्यांतील गाऱ्हाणे कोणत्याही काळातील संसारी बाईचे आहे: घरात दाणा नाही, पोरे उघडी आहेत, आणि हा राऊळात बसला आहे. गाथेत विष्णुदास नाम्यासारख्या नंतरच्या कवींची भर पडल्याचे अभ्यासक सांगतात. तेव्हा हे संवाद घडले तसेच उतरले, असे मानण्याचे कारण नाही. परंतु ज्याने कोणी ते रचले, त्याने भक्ताच्या घरातील चूल विझलेली पाहिली होती, आणि ती झाकून ठेवावी असे त्याला वाटले नाही. आमच्या मते संतचरित्रातील हा प्रामाणिकपणा चमत्कारांहून मोलाचा आहे.

दुसरा नामदेव पंजाबात भेटतो. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी आसा रागातील एका पदात हा माणूस आपल्या हत्यारांसह उभा राहतो. मन हा त्याचा गज, जीभ ही कातर. मापायचे आणि कापायचे, तो यमाचा फास. रंगवायचे ते तो रंगवतो, शिवायचे ते शिवतो. पंजाबात त्याला ‘छीपा’ म्हणतात, म्हणजे कापडावर छपाई करणारा. महाराष्ट्रात तो शिंपी आहे. पदात मात्र दोन्ही कामे शेजारी नांदतात.

याच ग्रंथात कबीराच्या सलोकांमध्ये एक छोटा संवाद आला आहे. त्रिलोचन नावाचा भक्त नामदेवाला विचारतो की, बाबा रे, हे कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवाचे उत्तर असे, की नाम मुखाने घ्यावे, हातापायांनी सगळे काम करावे, चित्त निरंजनापाशी ठेवावे. गोणाईला जे हवे होते, ते येथे तिच्या लेकाच्या तोंडी आहे. महाराष्ट्रात आईने ‘काम का करत नाहीस’ म्हणून विचारले आणि उत्तरेत भक्ताने ‘काम का करतोस’ म्हणून विचारले, ही विसंगती आम्हांला फार बोलकी वाटते.

त्याहून बोलके आहे रामकली रागातील पद. पतंग उडवणारा मुलगा सवंगड्यांशी बोलतो, पण त्याचे ध्यान दोरीत असते. पाण्याला गेलेल्या मुली हसतखिदळत येतात, लक्ष घागरीवर असते. सोनार बोलत बोलत घडवतो. गाय पाच कोसांवर चरते, जीव वासरात असतो. आई घरकाम करते, मन पाळण्यातील लेकरापाशी असते. अशा दृष्टान्तांचा अर्थ कीर्तनात सांगताना बहुधा त्यांतील काम पुसले जाते आणि देव तेवढा उरतो. वाचकांनी क्षणभर उलट पाहावे. देवाकडे लागलेले चित्त कसे असते हे सांगण्यासाठी कवीला जोग्याची समाधी आठवत नाही, पाणी भरणाऱ्या मुलीची घागर आठवते. कामात मुरलेल्या हातांची ती सहज सावधता त्याला सर्वोच्च अवधानाचे माप वाटते. ज्याने टाके घातले आहेत, गप्पा चालू असता सुई बोटात जाऊ दिलेली नाही, त्यालाच हे सुचावे.

इथवर चित्र रम्य आहे. पण नामदेवांच्या घरातच ते पुरे पडत नाही. गंगाखेडची जनी त्या घरात दासी होती. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे. तिच्या अभंगांत ही कामे गोड आहेत असे आमच्या वाचनात कोठे आले नाही. देव येऊन जात्याला हात लावतो, केर भरतो, हे आले. कामाला अर्थ कोठून येतो, याचे जनीचे उत्तर नामदेवांहून वेगळे आहे. नामदेवांना तो अवधानात सापडतो, जनीला वाटेकऱ्यात. ज्याच्या कामाला कोणी हात लावत नाही, त्यालाच या उत्तराची किंमत कळेल. (आणि त्या घरातील पुरुषांपैकी जात्यावर कोण बसत होते, हेही विचारायला हरकत नाही.)

१२९० च्या ज्ञानेश्वरीत स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराची पूजा बांधावी, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. कल्पना सुंदर आहे, परंतु तेथे स्वकर्म म्हणजे जन्माने वाट्याला आलेले कर्म. अरणच्या सावत्याला मळ्यात देव दिसला, तेव्हा मळा त्याचा होता. चोखामेळ्याच्या वाट्याला काय आले? मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामावर महारांना राबवले गेले आणि १३३८ मध्ये ती भिंत कोसळून चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले, असे परंपरा सांगते. गावकुसाबाहेर राहणाऱ्याने गावाचे कुसू बांधायचे, हे त्याचे ‘स्वकर्म’. या कामात अर्थ शोधावा असे त्याला सांगणे आम्हांला क्रूर वाटते. काम निष्ठेने करावे हा उपदेश सांगणारा स्वतः त्या भिंतीखाली नसेल, तर त्या उपदेशाचे वजन काय, हा प्रश्न चोखोबांच्या मरणाने कायमचा मांडून ठेवला आहे. स्वकर्माचा गौरव करणारे लेखन या प्रश्नाला बहुधा वळसा घालून जाते.

नामदेवांनी वळसा घातला नाही. परंपरेनुसार ते मंगळवेढ्याला गेले आणि ढिगाऱ्यातील हाडे एकेक कानाशी लावून पाहिली. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली व पंढरपुरास आणली. आख्यायिका म्हणून ती कोणी बाजूला ठेवील. आम्हांला तीत ते काम दिसते: मजुरांच्या हाडांमधून एकाची हाडे निवडणे, पदरात घेणे, वाहून नेणे. हे शिंप्याचे काम नव्हते, आणि त्या काळी कोणाही सवर्णाचे नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. जिवंतपणी जेथवर येऊ दिले, तेथेच. नामदेव १३५० मध्ये गेले. त्यांची पायरी त्याच महाद्वारात, समाधीच्या समोर आहे.