खरखर काढताना तंबोरा गेला तर?

मिरजेला स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांचे गाणे लाखेच्या तबकड्यांवर उरले. तबकडीची खरखर जुनीच. संगणकात उतरवताना तीत नवे दोष मिसळतात. तबकडीयंत्र आणि संगणक यांचे अर्थिंग दोन वाटांनी जुळले, की ५० हर्ट्‌झची गुणगुण शिरते; पेटीतले साउंड कार्ड भोवतालचा विद्युत-गोंगाटही उचलते. अर्थिंग एकाच जागी आणणे, साउंड कार्ड पेटीबाहेर ठेवणे, हे उपाय निर्धोक. सर्वस्वी सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवणे मात्र घातक. अखंड, एकसारखा नाद त्याला गोंगाट वाटतो, आणि तंबोरा तर अखंडच वाजतो! मिरजेचे कारागीर जवारी काढून जो झंकार मुद्दाम जागवतात, तोही खरखरीबरोबर पुसला जातो.