टेबल : मांडायचं की बाजूला सारायचं?

बैठकीतल्या इंग्रजीत ‘टेबल’ हे क्रियापद दिसायला साधं, पण हमखास दगा देणारं. ‘लेट अस टेबल धिस’ असं लंडनमध्ये कुणी म्हटलं, तर विषय चर्चेला घ्यायचा. तेच न्यूयॉर्कमध्ये म्हटलं, तर विषय बाजूला ठेवायचा.

याचा फटका दुसऱ्या महायुद्धात बसला. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एक टिपण तातडीनं ‘टेबल’ करायचं होतं. अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटलं, ते लांबणीवर टाकायचंय. बराच वेळ खडाजंगी झाली आणि मग उमगलं, की दोघांचं म्हणणं एकच आहे! विन्स्टन चर्चिल यांनी युद्धाच्या आपल्या इतिहासात हा किस्सा नोंदवला आहे.

मूळ लॅटिन ‘टॅब्युला’ म्हणजे फळी. तीच फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन मेज झाली. कागद सभेच्या मेजावर ठेवणं ही कृती दोन्हीकडे सारखीच. ब्रिटिश संसदेत त्यातून ‘सादर करणं’ हा अर्थ निघाला. अमेरिकेत ‘ले ऑन द टेबल’ म्हणजे तूर्त तिथंच पडू द्या, असा अर्थ रुळला. हेन्री रॉबर्ट यांच्या १८७६ सालच्या सभानियमांच्या पुस्तकातही तो आहे.

आपली विधानसभा ब्रिटिश वळणाची. त्यामुळे अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर ठेवला’ म्हणजे तो सादर झाला.

अमेरिकी सहकाऱ्यांशी बोलताना मात्र हा शब्द टाळलेला बरा. विषय घ्यायचा असेल तर ‘डिस्कस’ म्हणावं, पुढे ढकलायचा असेल तर ‘पोस्टपोन’.