मागल्या जन्मीचे देणे

भोकरदन तालुक्यात पूर्णाकाठी केदारखेडा हे गाव आहे. तेथे एका लग्नाच्या मांडवात आमच्या शेजारी एक आई बसली होती. मांडीवर सहा-सात वर्षांचा मुलगा. त्याला बसता येत नव्हते, मानही सावरता येत नव्हती. जवळच्या म्हातारीने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "मागल्या जन्मीचं देणं असंन माय. फेडल्याबिगर सुटत नाही." तिच्या स्वरात माया होती, दुष्टावा नव्हता. मात्र देणेकरी कोण, मुलगा की आई, हे तिने सांगितले नाही. आईने मान खाली घातली आणि ते देणे मुकाट्याने आपल्या खात्यावर मांडून घेतले.

ते वाक्य त्या म्हातारीचे नव्हते. ते फार जुने आहे आणि आपल्या सर्वांचे आहे. ते कोठून आले, त्याच्या बरोबरीने दुसरी कोणती उत्तरे या भूमीत होती आणि ती मागे का पडली, एवढेच येथे पाहायचे आहे.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात या विश्वासाची एक नेटकी यादी सापडते. सोने चोरणाऱ्याची नखे कुरूप होतात, मद्यप्याचे दात काळे पडतात, वस्त्रे चोरणाऱ्याला कोड फुटते, घोडा चोरणारा पांगळा होतो आणि वाणी चोरणारा, म्हणजे अधिकार नसता विद्या घेणारा, मुका. काही पाठांत दिवा चोरणाऱ्याला आंधळेपण आणि दिवा विझवणाऱ्याला काणेपण सांगितले आहे. ही यादी वाचताना साहित्याच्या विद्यार्थ्याच्या एक गोष्ट चटकन ध्यानात येते: येथला कार्यकारणभाव निरीक्षणातून आलेला नाही, तो उपमेतून आला आहे. घोडा नेला म्हणून पाय गेले, दिवा नेला म्हणून डोळे गेले. कल्पना म्हणून ही सुबक आहे. कारण म्हणून तिला कशाचाच आधार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा अध्याय प्रायश्चित्ताचा आहे. आज पाप करणाऱ्याला उद्याची भीती घालावी आणि त्याने वेळीच शुद्ध व्हावे, हा यादीमागचा हेतू त्याच ठिकाणी सांगितला आहे. म्हणजे ती पुढे पाहणारी होती. समाजाने मात्र ती उलटी वाचली. पापाकडून देहाकडे जाण्याऐवजी तो देहाकडून पापाकडे गेला. 'कर्मविपाक' या नावाने जे ग्रंथ पुढे झाले, त्यांत रोगावरून पाप आणि पापावरून दान-प्रायश्चित्त शोधण्याची रीतच बसली. जो इशारा होता, त्याचा निकाल झाला.

हे सारे पोथीपुरते राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. त्याच स्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, वेडे, जड आणि मुके यांना वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाही, फक्त अन्नवस्त्र द्यावे, असा नियम आहे. म्हणजे आंधळ्या भावाला भाकरी मिळे, शेत मिळत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ च्या कायद्याने ही वंचना बरीचशी दूर झाली. जन्मजात वेड आणि जडत्व एवढे अपवाद उरले. केदारखेड्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने रोग, व्यंग वा विकृती यांमुळे कोणाचाही वारसाहक्क जाणार नाही, असे स्पष्ट केले. दैवाच्या हिशेबात जमिनीचाही हिशेब कसा मिसळलेला असतो, हे यावरून दिसावे.

परंतु आपल्या परंपरेत हे एकच उत्तर होते असे मानणे हा परंपरेवरही अन्याय होईल. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भातील विकृतीची कारणे मोजली आहेत: बीजाचा दोष, आत्म्याचे कर्म, गर्भाशयाचा दोष, काळाचा दोष आणि मातेचा आहारविहार. कर्म येथे आहे, पण पाचांतले एक म्हणून. दैव दुबळे असेल तर बलवान प्रयत्न त्याला हरवतो, असेही चरक सांगतो. आमच्या भागापासून फार दूर नसलेल्या देवगिरीवर तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री होऊन गेला. त्याने व्रते आणि दाने यांचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड ग्रंथ रचला आणि वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीकाही लिहिली. एकाच दौतीतून दान आणि औषध दोन्ही उतरले. धर्मशास्त्र आणि वैद्यक असे शेजारी नांदत होते. घराघरांत मात्र वैद्याच्या पाच कारणांपैकी दोनच टिकली: कर्म, आणि आई.

आईचा भाग विशेष पाहण्याजोगा आहे. गर्भिणीची इच्छा अपुरी राहिली तर मूल कुबडे, लंगडे, ठेंगू किंवा आंधळे होते, असे सुश्रुतसंहितेत आहे. या समजुतीतून डोहाळे पुरवण्याची गोड रीत टिकली हे खरे. पण मूल अधू झाले की तीच रीत साक्षीदार होऊन आईविरुद्ध उभी राहते. ग्रहणाचेही तसेच. ग्रहणात गरोदर बाईने चिरू नये, कापू नये, शिवू नये. नाहीतर मुलाचा ओठ दुभंगतो, कान तुटका निघतो. ग्रहण पाळून बसलेल्या बाईच्या मुलाचा ओठ दुभंगलेला निघाला, तर ग्रहणाला कोणी दोष देत नाही. तिने नीट पाळले नसेल, असेच म्हणतात. मागला जन्म कोणी पाहिलेला नसतो. आई समोर असते. म्हणून हिशेब तिच्याकडे येतो.

संतांनी या प्रश्नाला निराळेच वळण दिले. पैठणच्या कूर्मदासाला हातपाय नव्हते. तो पोटावर सरपटत पंढरीला निघाला, आणि लऊळपाशी एकादशी गाठणे अशक्य झाले तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीला आला, अशी कथा आहे. महिपतींनी ती 'भक्तविजया'त सांगितली; लऊळला कूर्मदासाचे मंदिर आहे. लोकांनी ही कथा जपली ती त्याने मागल्या जन्मी काय केले हे जाणण्यासाठी नव्हे. ज्याला येता येत नाही त्याच्याकडे देवाने जावे, हा तिचा अर्थ आहे.

तरीही संतवाङ्मयाला कर्मसिद्धान्ताच्या पूर्ण बाहेर पडता आले नाही. जालन्याला लागूनच असलेल्या देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. विटाळाच्या कल्पनेला थेट प्रश्न विचारणारा चोखोबा एका अभंगात आपला जन्म हे पूर्वीच्या कृष्णनिंदेचे फळ मानतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच स्वतःला आरोपी ठरवावे, हे या सिद्धान्ताचे सर्वांत मोठे यश आणि सर्वांत मोठे क्रौर्य. जात आणि व्यंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोहोंना एकच कुलूप घातले गेले.

त्या कुलपावर नेमका घाव घातला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची चिकित्सा आहे. गरीब आणि हीन स्थितीतल्या माणसांची जबाबदारी शासनाने व समाजाने झटकावी, याखेरीज अशा सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. 'कोणाचे पाप' हा प्रश्न त्यांनी 'कोणाची जबाबदारी' असा बदलला.

हा प्रश्न केवळ आपला आहे असेही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो. आणि १९९९ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक ग्लेन हॉडल यांनी एका मुलाखतीत अपंगत्वाचा संबंध मागल्या जन्माशी जोडला, तेव्हा काही दिवसांतच त्यांना पद सोडावे लागले.

युक्तिवादाने जे झाले नाही ते विसाव्या शतकात लसीने करून दाखवले. 'देवी आल्या' की डोळे जात. त्या रोगाचे नावच देवीचे होते. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण नाही. १९९५ मध्ये देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी हा प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. आता साधा प्रश्न विचारावा. घोडा चोरणारे सारे २०११ मध्येच संपले काय? पाप तेवढेच आहे, थेंब तेवढे आले.

मांडवातल्या त्या मुलासारखी स्थिती ज्या अनेक मुलांची असते, तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, नवजात बाळाची तीव्र कावीळ, संसर्ग ही तिची काही कारणे. प्रत्येक वेळी कारण सापडतेच असे नाही. परंतु ही कारणे वाचताना रस्ता, वाहन, प्रसूतिगृह, काविळीवर उपचार करणारा निळा दिवा यांची आठवण होते. मागल्या जन्माची होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या स्थितीचा समावेश आहे. मुलाला त्यानुसार काय मिळायला हवे, हे मांडवात कोणी बोलले नाही.

त्या म्हातारीला आम्ही दोष देत नाही. 'असे का झाले?' या प्रश्नापुढे गप्प बसणे कठीण असते, आणि तिच्याजवळ देण्यासारखे तेवढे एकच वाक्य होते. प्राक्तन या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना रात्री काढता आल्या, हेही खरे. पण त्या सांत्वनाची किंमत एकट्या आईने मोजावी, हे न्यायाचे नाही.

आम्हीही त्या दिवशी काही बोललो नाही, ही आमची चूक. देणे आहे, हे म्हातारीचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. ते याच जन्मीचे आहे आणि मांडवात बसलेल्या आम्हा सर्वांकडून त्या मुलाला येणे आहे.