सतरा जणांचे डोळे : पडद्यावरील रंगांचा इतिहास (थ्रेड)

जांभळी दिसली म्हणून मागवलेली साडी घरी येते ती निळी. दोष सहसा विक्रेत्याच्या माथी मारला जातो. परंतु या भांडणाचे मूळ शोधू गेल्यास वाट १९२०च्या दशकातील इंग्लंडपर्यंत जाते. तेथे दोन प्रयोगशाळांत मिळून सतरा माणसे उजेडाच्या एका लहानशा तुकड्याकडे पाहत बसली होती.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात डब्ल्यू. डेव्हिड राइट यांनी दहा निरीक्षक बसवले, तर टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड यांनी सात. दोघांचे काम परस्परांपासून स्वतंत्र होते. एका अर्ध्या भागात वर्णपटातील एक शुद्ध रंग, दुसऱ्यात तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे मिश्रण. दोन्ही अर्धे एकसारखे दिसेपर्यंत निरीक्षकाने तिन्ही प्रकाश कमीजास्त करायचे आणि त्यांचे प्रमाण नोंदवले जायचे. पाहण्याचे क्षेत्र अवघे दोन अंशांचे, म्हणजे हात लांब केला असता अंगठ्याच्या नखाएवढे.

काही रंग मात्र कितीही खटपट केली तरी जुळत नसत, विशेषतः निळसर हिरवे. मग तांबडा प्रकाश मूळ रंगाच्याच बाजूला मिसळावा लागे; हिशेबात तांबड्याचे प्रमाण ऋण येई. त्याचाच अर्थ असा, की तीन मूलरंगांचा कोणताही पडदा डोळ्याला दिसणारे सगळे रंग दाखवू शकत नाही. जाहिरातींतील ‘अब्जावधी रंग’ वाचताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष चांगलेच जुळले. १९३१ साली केंब्रिज येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने त्यांवरून ‘प्रमाण निरीक्षक’ निश्चित केला. असा माणूस कधी जन्मला नव्हता. तो म्हणजे अंकांचे एक कोष्टक. पण त्यामुळे रंगाला प्रथमच पत्ता मिळाला.

संगणक मात्र बराच काळ त्या पत्त्याकडे फिरकले नाहीत. छायाचित्राच्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी तीन अंक असतात : तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. ‘कोणता तांबडा’ हे ते अंक सांगत नाहीत. ते ठरवत असे पडद्याच्या नळीतील फॉस्फर. शिवाय विद्युतदाब दुप्पट केल्याने उजेड दुप्पट होत नाही. ही वक्रता ‘गॅमा’ या अंकाने सांगतात. मॅकिंटॉशने छपाईशी मेळ बसावा म्हणून १.८ धरला, तर विंडोजच्या जगात २.२ रूढ होता. परिणामी मॅकवर सजवलेले छायाचित्र विंडोजवर काळवंडलेले दिसे. ॲपलने २.२ स्वीकारला तो थेट २००९ साली.

१९९३मध्ये ॲपल, अडोबी, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापला. प्रत्येक यंत्राने आपले रंग १९३१च्या मोजपट्टीवर कुठे बसतात हे सांगणारी ‘प्रोफाइल’ बाळगावी, ही त्याची कल्पना. परंतु इंटरनेटवरील बहुतेक चित्रे अशा दाखल्याविनाच फिरत होती. त्यांच्यासाठी १९९६ साली एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनी तडजोड सुचवली : दाखला नसेल तर तत्कालीन सामान्य मॉनिटर गृहीत धरा. हीच ‘एसआरजीबी’. ते नळीचे मॉनिटर भंगारात गेले. गृहीतक मात्र आजच्या मोबाइलमध्येही नांदते आहे.

यापेक्षाही मौजेची कथा १९९८ची. फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीसाठी अडोबीने एका दूरचित्रवाणी मानकातून अंक घेतले. पुढे कळले की ते प्रत्यक्ष मानकाचे नव्हेत, तर आदर्श म्हणून दिलेले मूलरंग होते. त्यात एक अंक उतरवतानाही चुकला होता. दुरुस्ती सहज शक्य होती. पण त्या ‘चुकीच्या’ रंगपट्ट्यात छपाईचे हिरवे-निळे अधिक चांगले मावत, आणि वापरणाऱ्यांना तो सोडवेना. अखेर चूक तशीच ठेवून तिला नाव दिले गेले : अडोबी आरजीबी (१९९८). आज महागड्या कॅमेऱ्यांच्या मेनूत ती मानाने बसली आहे.

मूळ कोष्टकही निर्दोष नाही. निळ्या टोकाकडील प्रकाशाला डोळा जितका प्रतिसाद देतो, त्यापेक्षा कमी अंक त्यात नोंदले आहेत, हे डीन जड यांनी १९५१ सालीच दाखवले. १९६४मध्ये दहा अंशांच्या क्षेत्रासाठी दुसरा प्रमाण निरीक्षकही आला. तरी कॅलिब्रेशनसाठी पडद्याला चिकटवले जाणारे उपकरण आजही बहुधा १९३१च्या निरीक्षकाच्याच हिशेबाने रंग मोजते.