पंचरंगीचा उत्तरार्ध : हजारे, मर्चंट आणि ‘इतर’

क्रिकेटचा इतिहास आपण बहुधा कोष्टकांतून वाचतो. कोष्टक निकाल सांगते. त्या निकालापर्यंतची चढाओढ मात्र त्यातून निसटते. १९४३ सालच्या अखेरीस मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर विजय मर्चंट आणि सांगलीचे विजय हजारे यांच्यात जी स्पर्धा रंगली, ती म्हणूनच कोष्टकाबाहेर काढून वाचायला हवी.

मुंबईतील पंचरंगी सामन्यांचे संघ धर्म आणि वंश यांच्या आधारे ठरत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम या चार संघांत १९३७ साली पाचव्याची भर पडली. त्याचे नाव ‘द रेस्ट’, म्हणजे ‘इतर’. आधीच्या चार चौकटींत न बसणाऱ्या खेळाडूंची ती जागा होती. सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या हजारे यांच्या वाट्याला हाच संघ आला. भाषेने आणि गावाने ते पूर्णपणे इथले. स्पर्धेच्या वर्गवारीत मात्र ‘इतर’.

त्या हंगामात स्पर्धेतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा मान या दोघांत हेलकावे खात राहिला. हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा करून तो मर्चंट यांच्याकडून हिरावून घेतला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून तो परत मिळवला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला आणि ‘इतर’ १३३ धावांत कोसळले. फॉलोऑननंतर सामना जवळजवळ संपल्यातच जमा होता.

इथून पुढे हजारे जे खेळले त्याला निकालाच्या भाषेत अर्थ नव्हता. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या! सहाव्या गड्यासाठी त्यांनी बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांच्या धावा अवघ्या २१. पण हा आकडा क्षुल्लक म्हणून बाजूला सारता येणार नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी टिकून राहिले, म्हणूनच ती खेळी उभी राहू शकली. हिंदू संघ एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. विक्रम मात्र हरलेल्या संघाकडे गेला.

चढाओढ तरीही संपली नव्हती. त्याच हंगामात रणजी स्पर्धेत मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या आणि हजारे यांचा आणखी एक उच्चांक मागे टाकला. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध काढलेल्या नाबाद ३१६ धावांचा तो उच्चांक होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या, तेव्हा मर्चंट यांचाही उच्चांक मागे पडला. विक्रम हा असा हस्तांतरित होणारा ठेवा आहे. तो कुणाच्याच घरी कायमचा मुक्कामाला राहत नाही.

मग टिकते काय? माझ्या मते, या प्रसंगातून उरतो तो ‘इतर’ या शब्दाला मिळालेला छेद. वर्गवारी करणारा नेहमी आधी आपली नावे लिहितो आणि उरलेल्यांना एका शब्दात गुंडाळतो. साहित्याच्या इतिहासलेखनातही ‘इतर प्रवाह’ नावाचे प्रकरण शेवटी जोडण्याची सवय आपल्या परिचयाची आहे. हजारे यांनी या वर्गवारीशी वाद घातल्याचे दिसत नाही. त्यांनी त्या रकान्यातच उभे राहून असा डाव रचला की, त्या अंतिम सामन्याची आठवण आज निघते ती विजेत्यांपेक्षा उपविजेत्यांमुळे.

पंचरंगी स्पर्धा १९४६ साली कायमची बंद झाली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडविरुद्ध आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा संघाचे कर्णधार विजय हजारे होते. त्या संघाच्या नावात ‘इतर’ला जागा नव्हती.